चौदा टिकल्यांचं पान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, ज्यांच्या हाताखाली काम शिकले त्या मॅडमना तर नाहीच. सात वर्षं झाली. तसं पाहिलं तर गोष्ट एका पानाची आहे, शंभर पानी वहीतल्या एका पानाची. पण तिथपर्यंत पोचायला मला जरा लांबून यावं लागणार. सरळ बोलायचं धाडस असतं, तर सात वर्षं लागली असती का?

आधी जिभेचं सांगते. ते मला येतं.

आत्ता हे वाचताना तुमची जीभ कुठे आहे? — हा प्रश्न मी रोज विचारते आणि रोज माणसं दचकतात. जिभेला जागा असते हेच कुणाला माहीत नसतं. तोंड मिटलेलं, दात एकमेकांवर न दाबलेले, श्वास नाकातून, आणि जीभ वर टाळूला लागलेली, टोक वरच्या पुढच्या दातांच्या किंचित मागे. ही तिची विश्रांतीची जागा. मूल लहान असताना जीभ तिथे राहिली, तर वरचा जबडा रुंद व्हायला मदत होते. खाली पडून राहिली, तर तोंड उघडं राहतं, दात दाटीवाटीने येतात, श्वास तोंडातून सुरू होतो, मान पुढे येते, झोप नीट लागत नाही, आणि झोप नसली की दिवसाची वाट लागते. सगळंच जिभेमुळे होतं असं नाही. पण जीभ बोलण्याखेरीजही बरंच काही करते, एवढं मी छातीठोक सांगू शकते.

हे मी कसब्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात शिकले. मॅडम दात सरळ करतात, आणि मी मुलांकडून जिभेचे व्यायाम करून घेते. जीभ टाळूला चिकटवून ‘टक्’ आवाज काढायचा, घोडा चालल्यासारखा. ओठांत आइसक्रीमची काडी धरून बसायचं. घोट गिळताना जीभ दातांवर आपटू द्यायची नाही. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी मला एक नियम सांगितला होता. नाक आधी, जीभ नंतर. नाक चोंदलेलं असेल, मूल घोरत असेल, तर पहिल्यांदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवायचं. त्या म्हणाल्या होत्या, “अगं, नाकच बंद असेल तर ओठ मिटून पोर श्वास घेणार कुठून?”

एवढं साधं. हे मला माहीत होतं. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवा — मला माहीत होतं.

आमचं गाव आता पुण्यातच आहे. महापालिका आली, शेतांचे प्लॉट झाले, गावाच्या नावापुढे सोसायट्यांची नावं लागली. पण आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. दादा दहावी नापास, मग कंपनीत. आईला सही येते, तीही मी शिकवलेली. मी बी.एस्सी. झाले. स्वारगेटला बस बदलून तीन वर्षं कॉलेजात गेले, एकही विषय राहिला नाही. याचा मला अभिमान होता आणि आहे, तो मी लपवत नाही. दवाखान्यात कामाला लागले, पांढरा कोट मिळाला, आणि गावात बायका मला ‘डॉक्टरीण’ म्हणू लागल्या. मी डॉक्टर नाही. सुरुवातीला एकदोनदा तसं सांगितलं. मग सांगायचं सोडून दिलं. कोट घडी घालून पिशवीत ठेवता आला असता — मी तो अंगावर घालूनच बसमधून उतरायचे. कशाला? तुम्हाला कळलंच असेल.

दादाची मुलगी ईश्वरी तेव्हा साडेपाच वर्षांची. वहिनीचं नाव मंगल. सातवीपर्यंत शिकलेली, हाताला विलक्षण चपळ, बोलायला कमी. मला ती वन्सं म्हणते, आणि ते वन्सं ती इतक्या आदराने म्हणायची, की मला तो माझ्या पदवीचाच आदर वाटायचा.

ईश्वरीचं तोंड सदा उघडं. दुपारी आईच्या मांडीवर झोपली की मोठ्या माणसासारखी घोरायची, मध्येच श्वास अडकायचा, दचकून कूस बदलायची. ओठ कोरडे पडलेले, डोळ्यांखाली काळं. मी एका रविवारी तिच्या तोंडात बॅटरी मारून पाहिलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, “हिची जीभ खाली पडते. दुसरं काही नाही. मी करते बरी.”

मॅडमकडे तिला एकदाही नेलं नाही. का नेलं नाही? मॅडमनी पहिला प्रश्न नाकाचा विचारला असता. मग पोर दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली असती, आणि बरं करणारी मी राहिले नसते. आज हे असं एका दमात लिहिता येतंय. तेव्हा मी स्वतःलासुद्धा हे कळू दिलं नव्हतं.

वही मीच आणली. मधोमध दोन पिना मारलेली, शाळेची साधी वही. दर पंधरवड्याला पानाच्या पुढच्या बाजूला मी तारीख टाकून व्यायाम लिहून द्यायचे, आणि पाठीमागे वहिनीने रोज खूण करायची. मी म्हटलं, बरोबरची खूण कर. तिने खुणा केल्या नाहीत. तिच्या टिकल्यांचं पाकीट असायचं ना, लाल, बारीक, त्यातली एक ती रोज पानावर लावायची आणि एक ईश्वरीच्या कपाळावर. व्यायाम झाला की टिकली. पोरगी टिकलीसाठी म्हणून पंधरा पंधरा मिनिटं टकटक करत बसायची. मला ते पाहून हसू आलं होतं. माझ्या तक्त्यात टिकल्या!

आणि एक गोष्ट मी टाळत होते, ती सांगते. काडी ओठांत धरायच्या व्यायामाला ईश्वरी रडायची. ओठ मिटले की थोड्या वेळात तिचे डोळे मोठे व्हायचे, चेहरा लाल, आणि ती काडी थुंकून हा-हा करत श्वास घ्यायची. मी म्हणायचे, “नाटकं नकोत. ओठ मीट. जीभ वर.” परत काडी. मी घरी नसताना हे वहिनी करून घ्यायची, कारण मी तसं बजावलं होतं. एकदा ती हळूच म्हणाली, “वन्सं, पोरीला दम लागतोय वो.” मी म्हटलं, “सवय नाही म्हणून लागतो.”

नाक आधी, जीभ नंतर. पाठ होतं मला.

असे काही महिने गेले. मग एक दिवस वहिनी वही घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. शाळेतल्या बाईंनी तिला बोलावून घेतलं होतं. ईश्वरीचं लक्ष नसतं, हाक मारली तरी बघत नाही, वर्गात पेंगते. एकदा नाक-कानाच्या डॉक्टरला दाखवा, असं बाई म्हणाल्या होत्या.

“मला बी वाटतंय,” वहिनी म्हणाली, “नाकाचंच काय तरी हाय. दाखवून येऊ का?”

मी चहा पीत होते. कप खाली न ठेवता मी विचारलं, “बाई काय शिकवतात?”

“मराठी.”

“मग त्यांनी मराठी शिकवावं. आणि तुम्ही किती शिकलात, वहिनी?”

तिने वहीचा कोपरा दुमडला. घरात तेव्हा आम्ही दोघीच होतो. मग म्हणाली, “बरं. पण बाईंस्नी दाखवायला दोन वळी लिवून द्याल का? माझं ऐकायच्या न्हाईत त्या.”

मी लिहून दिलं. त्याच वहीत, त्या पंधरवड्याच्या नवीन पानावर, छान अक्षरात. खाली सही केली आणि सहीखाली बी.एस्सी. असं लिहिलं. कुणी मागितलं नव्हतं ते. बाईंनी वाचलं आणि वही परत दिली, असं वहिनीने येऊन सांगितलं. मला जिंकल्यासारखं वाटलं.

त्यानंतरही वर्षभर टकटक चालू राहिली. वर्षभर.

मग एकदा दादा तिला शाळेतून आणत होता. ती पुढे चालत होती आणि मागून टेम्पो आला. दादाने उजवीकडून हाक मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ओरडून. तिने मान वळवली नाही. टेम्पोवाल्याने ब्रेक दाबला म्हणून बरं. दादा घरी आला तो पांढराफटक पडलेला. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तिला नाक-कानाच्या दवाखान्यात घेऊन गेला. वहिनीला घेतलं, आणि मला घेतलं — घरातली शिकलेली म्हणून. “डॉक्टर काय बोलत्यात ते तुला कळंल,” म्हणाला.

कळलं. सगळं कळलं. नाकाच्या मागे वाढलेली गाठ, त्यामुळे नाकाची वाट बंद, म्हणून तोंड उघडं, म्हणून जीभ खाली. जीभ हे कारण नव्हतंच, तो परिणाम होता. तिकडूनच कानाच्या पडद्यामागे पाणी साठून घट्ट झालेलं. डावा कान सुधारेल. उजव्याचा पडदा आत ओढून चिकटलाय, त्याचं सांगता येत नाही. डॉक्टर चांगले होते, आवाज न चढवता त्यांनी विचारलं, “इतके दिवस का थांबलात? कुणी सांगितलं नाही का, नाक दाखवा म्हणून?”

दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत आरोप नव्हता. मास्तरांनी प्रश्न विचारल्यावर मूल शेजारच्या हुशार मुलाकडे बघतं ना, तसं तिने पाहिलं. आता वन्सं सांगतील.

मी सांगितलं. मी म्हणाले, “मी तेव्हाच सांगितलं होतं यांना.”

एवढंच वाक्य. त्याच्या आधी काही नाही, नंतर काही नाही. जीभ अडखळली नाही. खोटं बोलताना माणसाला काहीतरी होतं म्हणतात. मला काहीच झालं नाही.

वहिनीने टेबलावरचे कागद गोळा केले. बाहेर आल्यावर दादा तिला बोलला, लोकांसमोर, औषधाच्या दुकानापाशी. “वैशी घरात असताना तिचं ऐकायला काय धाड भरल्ती तुला?” ती पदराचं टोक पिळत उभी होती. मी ईश्वरीचा हात धरून रिक्षा बघत होते.

तुम्हाला वाटेल, हीच ती गोष्ट. नाही. अजून आहे.

ऑपरेशनच्या दिवशी वहिनी दवाखान्यात होती. मी तिचे आणि पोरीचे कपडे आणायला घरी आले. भर दुपार, घरात कुणी नाही. वही फडताळात, देवाच्या पुस्तकांशेजारी ठेवलेली असायची. बसमध्ये बसल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर ती वहीच होती. वहिनी शिकलेली कमी असेल, पण वाचता येत होतं तिला. त्या पानावर माझं अक्षर होतं, माझी सही होती. ती घरी आली की वही दादासमोर ठेवणार, मीही तेच केलं असतं.

मी ते पान फाडलं. पिनेपाशी घट्ट धरून, सावकाश, कड राहू नये म्हणून. मग कपडे पिशवीत भरले आणि दवाखान्यात गेले. ईश्वरी शुद्धीवर येत होती. वहिनीने माझ्या हातातून पिशवी घेतली आणि म्हणाली, “दमला असाल, वन्सं. बसा.”

पण पिना मारलेल्या वहीचं एक असतं. एक पान फाडलं की त्याचं जोडीदार पान दुसऱ्या अर्ध्यात मोकळं होतं. हे पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं. मी बी.एस्सी., मला सुचलं नाही. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी पाहिलं, वहिनी फडताळापाशी खाली बसली होती, वही मांडीवर. सुटलेलं पान तिच्या हातात होतं. ती पानं उलटत मागे आली आणि जिथे एक पान कमी होतं, तिथे थांबली. टिकल्यांवरूनही कळलं असणार. एका पानावर महिन्याचा पूर्वार्ध, मग एकदम पुढच्या महिन्याच्या टिकल्या, मधले चौदा दिवस नाहीतच. तिने त्या फटीतून बोट फिरवलं. वर पाहिलं. मी दारात उभी.

आता बोलेल, असं मला वाटलं. ती उठली, स्वयंपाकघरातून वाटीत चार शितं घेऊन आली, बोटाने चिरडली आणि सुटलेलं पान त्या शितांनी जागच्या जागी चिकटवलं. वाळेपर्यंत वर पोळपाट ठेवला. मग भाकरी करायला बसली.

त्या दिवसापासून आजवर तिने त्या पानाचा विषय काढलेला नाही.

ईश्वरी आता चौदा वर्षांची आहे. शांत झोपते, तोंड मिटून. डाव्या कानाने छान ऐकते. उजव्या बाजूने बोललं की मान वळवून डावा कान पुढे करते, इतक्या सहज, की नव्या माणसाला ती लाजतेय असं वाटतं. आणि तिने ‘काय?’ विचारलं, की आई आजही म्हणते, “आईला सांगितल्यालं कळलं न्हाई, तर पोरीला कुठनं ऐकू यायचं.” दर वेळी. पाहुण्यांसमोर, लग्नाकार्यात, गणपतीत. सात वर्षं ते वाक्य वहिनीच्या पाठीत बसतंय आणि मी ताटावर बसून वरणभात कालवतेय. आईला खोटं पाडायला एक वाक्य पुरलं असतं. रविवार किती होते? मी लग्न होऊन शहरात आले, तरी दर रविवारी माहेरी जाते.

गेल्या महिन्यात गावातल्या महिला मंडळाने माझं भाषण ठेवलं. जीभ आणि तब्येत. फलकावर ‘डॉ.’ लिहिलं होतं. मी पाहिलं आणि खोडायला सांगितलं नाही. बोलले चांगलं. सगळ्या बायका जीभ टाळूला लावून बसल्या, हसल्या. मग एक आजी उभी राहिली. नातू घोरतो, तोंड उघडं टाकतो, व्यायाम सांगा. मी म्हणाले, “आधी नाक दाखवा. नाक मोकळं असल्याशिवाय मी व्यायाम देत नाही.”

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून वहिनी उठली. चारचौघांत कधी न बोलणारी. म्हणाली, “ह्यांचं ऐका बायांनो. मला बी सांगितलं हुतं त्यांनी. म्याच न्हाई ऐकलं.”

तिच्या शेजारी ईश्वरी होती, मान कलती करून, डावा कान माझ्याकडे.

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. वहिनी माझ्याकडे पाहत होती. मला सावरत होती का? की सात वर्षं ऐकून ऐकून तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं? की ती मला एक संधी देत होती, सगळ्या गावासमोर? मला अजून कळलेलं नाही. माझ्या हातात माइक होता.

मी म्हणाले, “हो. वेळेवर ऐकायला हवं.”

टाळ्या पडल्या. वहिनी खाली बसली.

पहिल्यांदा खोटं बोलले तेव्हा मी घाबरले होते, असं म्हणता येईल. या वेळी मला कुणी काही विचारलंही नव्हतं.

फाडलेलं पान मी फेकलं नाही. माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रामागे, त्याच प्लास्टिकच्या फाइलीत ते सात वर्षं आहे. आज बाहेर काढून समोर ठेवलंय. उद्या रविवार आहे. दादा घरी असेल, आई असेल. मी ते मोठ्याने वाचणार आहे, ईश्वरीच्या डाव्या बाजूला बसून, म्हणजे तिला प्रत्येक शब्द नीट ऐकू येईल. त्यानंतर वहिनी मला वन्सं म्हणेल की नाही, ते तिने ठरवायचं. उजवा कान काही त्याने परत यायचा नाही.

पानावर असं लिहिलंय:

“कु. ईश्वरी हिला नाक-कानाच्या डॉक्टरांकडे नेण्याची गरज नाही. तिच्या आईला यातलं समजत नाही. व्यायाम चालू ठेवावेत.”

खाली माझी सही. बी.एस्सी.

पाठीमागे चौदा टिकल्या आहेत. रंग उडालाय, पण सगळ्या जागच्या जागी चिकटलेल्या आहेत. एकही दिवस चुकलेला नाही.